मदत हवी आहे: दाल मिलचं एनर्जी ऑडिट महाऊर्जामार्फत करायचंय, सुरुवात कुठून करू? (जळगाव)

राम राम मंडळी,

जळगाव एमआयडीसीत आमची दाल मिल आहे, तूर आणि हरभऱ्याची. बापूंनी उभी केली, सहा वर्षांपासून मी बघतोय. मंजूर भार ९० एचपीच्या आसपास. नवी तूर आली की मे अखेरपर्यंत रोज दहा-दहा तास मशिनं चालतात आणि महिन्याचं बिल लाखाच्या पुढे जातं. पावसाळ्यात काम निम्म्यावर येतं.

पंधरा दिवसांपूर्वी एक सोलरवाला आला. शेडच्या पत्र्यावर ५० किलोवॅट बसवू, महाऊर्जाची, म्हणजे राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेची, सबसिडी मिळवून देऊ, फक्त आज टोकन भरा, असं म्हणाला. बापू म्हणाले, "आपण डाळ चाळीस वर्षं उन्हातच वाळवतोय. ऊन वापरायला माझी ना नाही, पण मशिनं एवढी वीज खातात कशानं ते आधी बघ." मला ते पटलं, एनर्जी ऑडिट म्हणजे हेच बघणं. टोकन भरलं नाही.

आमच्याकडे महाऊर्जा म्हटलं की लोकांना शेतातला सोलर पंपच आठवतो. चोपड्याला माझ्या मामांनी कुसुम या सरकारी सोलर पंप योजनेतून ५ एचपीचा घेतला, दहा टक्के भरून. आता रात्री-अपरात्री मोटर चालू करायला मळ्यात जावं लागत नाही, हे मामी दर भेटीत सांगते. पण शोधाशोध केल्यावर कळलं, की या संस्थेची नोंदणी १९८५ ची आहे आणि २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली राज्यात वीजबचतीचं काम बघणारी नियुक्त संस्थाही तीच आहे. म्हणजे पवनचक्की, सोलर यांच्याइतकंच कारखान्यातली वीज वाचवणं हेही त्यांचंच काम. मग माझ्यासारख्या छोट्या मिलला ते दारात उभं करतील का? ऑडिटला काय कागद लागतात? आणि सोलर आधी की ऑडिट आधी?

अजून एक सांगतो, कदाचित उपयोगी पडेल. परवा जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद केलं होतं. मिलमध्ये एवढी शांतता सहसा नसते. सॉर्टेक्सचा (रंगावरून खराब डाळ वेगळी करणारं मशीन) हवेचा कॉम्प्रेसर तेवढा चालू राहिला होता, आणि कोणी हवा वापरत नसताना तो आपोआप सुरू व्हायचा. घड्याळ लावून बघितलं: चार मिनिटं बंद, एक मिनिट चालू, परत चार मिनिटं बंद. हे असंच असतं का?

गिरणाकाठ

भाऊ, नाही, असं नसतं. हवेची गळती आहे. हिशोब सोपा: पाच मिनिटांतलं एक मिनिट तो फक्त गळती भरून काढतोय, म्हणजे कॉम्प्रेसर जेवढी हवा तयार करू शकतो त्यातली २० टक्के वाया. साबणाचं पाणी कर आणि ब्रशनं प्रत्येक जोडावर लाव, बुडबुडे आले की सापडलं. टाकीखालचा ड्रेन कॉक पहिले बघ. पाणी काढून झालं की पोरं तो अर्धवटच बंद करतात. प्रेशरही तपास. सॉर्टेक्सला लागतं त्याहून जास्त ठेवलं असेल तर खाली आण, एक बार कमी केला तरी कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी उतरते. याला ना ऑडिटर लागतो ना सबसिडी.

साक्री_धुळे

मी आधी जिनिंगमध्ये मेंटेनन्स बघायचो, आता ऑडिट करणाऱ्या टीमबरोबर फिरतो. आमच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांमुळे इकडे महाऊर्जाचं नाव जुनं आहे, पण ऑडिटसाठी अर्ज करणारे उद्योजक फार कमी भेटतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

छोट्या उद्योगांना दार उघडं आहे. ऑडिटर संस्थांची महाऊर्जाकडे यादी असते, त्यातली संस्था निवडायची आणि ऑडिटच्या फीचा काही वाटा महाऊर्जा देते. सध्या किती आणि कोणत्या अटीवर, ते विभागीय कार्यालयातून लेखी घ्या, आणि मंजुरी हातात येईपर्यंत ऑडिट सुरू करू नका. बारा महिन्यांची बिलं, उद्यम नोंदणी, सगळ्या मोटरींची यादी (एचपी, किती तास चालते, किती वेळा रिवाइंड झाली म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळली) एवढं तयार ठेवा. यादी स्वतः फिरून करा, कागदावरून नको. प्रत्येक मोटरच्या नेमप्लेटचा फोटो काढा.

रोलरची मोटर विशेष बघा. २० एचपीची जुनी, तीन-चार वेळा रिवाइंड केलेली मोटर ८७ टक्के कार्यक्षमतेवर आली असेल, तर आयई३ या वरच्या कार्यक्षमता-दर्जाची नवी ९२ च्या आसपास देते. पूर्ण भारावर तासाला जवळपास एक युनिट वाचतं. दहा तास, पंचवीस दिवस, करा गुणाकार. व्ही-बेल्ट सैल असेल तर तो तोटा वेगळाच.

सोलरवाल्याबद्दल: केंद्राची पीएम सूर्यघर योजना, जिच्यात जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, ती फक्त घरांसाठी आहे. मिलच्या शेडला ती लागू नाही. जो माणूस महाऊर्जाच्या नावानं आजच टोकन मागतो, त्याला पैसे देऊ नका. कुसुमच्या नावानंही खोट्या लिंक फिरल्या होत्या आणि शेतकऱ्यांची फसवणूक झाली होती.

सोलर वाईट नाही. तुमची मिल दिवसा चालते, एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, जुळतं ते. पण आज ५० चं बसवाल आणि उद्या मोटरी बदलल्यावर कळेल की ४० मध्ये भागलं असतं.

तापीची_लेक

मोटरी बदलायला कर्ज लागलं तर ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची २०२५ ची अदिती योजना बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के सवलत आहे, मध्यमला ३. अन्नप्रक्रिया उद्योग तिच्यात आहे. कर्ज किमान १० लाखांचं लागतं आणि ठरावीक क्लस्टरनाच (एका भागातल्या उद्योगांच्या गटांना) मिळतं, म्हणून जळगाव बसतं का ते आधी विचारून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी साबणाचं पाणी घेऊन बसलो. सहा जोड गळत होते, आणि ड्रेन कॉक खरंच अर्धा उघडा होता. टेप लावला, दोन नळ्या बदलल्या, एकूण खर्च पाचशेच्या आत. आज जेवणाच्या सुट्टीत परत घड्याळ लावलं: दहा मिनिटं बंद, पन्नास सेकंद चालू. बापू माझ्या शेजारी खुर्ची टाकून पूर्ण वेळ ऐकत बसले होते.

नेमप्लेटचे फोटो काढतोय. २१ पैकी चार मोटरींवर प्लेटच नाही, रिवाइंडिंगला गेल्या तिथंच राहिल्या असतील. साक्रीभाऊ, अशा मोटरींचं यादीत काय लिहायचं? सोमवारी बिलं घेऊन कार्यालयात जातोय, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.

साक्री_धुळे

क्लॅम्प मीटरनं भारावरचा अँपिअर मोजून लिहा, शाफ्टचा व्यास लिहा आणि पुढे "प्लेट नाही" अशी नोंद करा. ऑडिटर त्याच्यावरून काढतो. आणि त्या चारच पहिले मोजायला सांगा.