शब्दचर्चा: 'शेड्यूल्ड पोस्ट'ला मराठीत काय म्हणावे?

कळफलक: संगणकावरून मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाची खाती सांभाळायच्या ॲपची सुरुवातीची माहिती मराठीत करायची आहे. ठरवलेल्या वेळी आपोआप जाणाऱ्या पोस्टला कच्च्या भाषांतरात 'अनुसूचित पोस्ट' आलं आहे. कानाला खटकतं. दुसरा शब्द सुचवा.

मुद्रितशोधक: खटकायलाच हवं. अनुसूचित म्हणजे यादीत घातलेलं: अनुसूचित जाती, अनुसूचित बँका. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत मराठी आहे ती याच अर्थाने. त्यात वेळेचा संबंध नाही.

बोरू: 'पोस्ट लावा' म्हणा. गजर लावतो तसं.

मुद्रितशोधक: 'स्टेटस लावलं' म्हणजे ते लोकांना दिसायलासुद्धा लागलं. नवखा माणूस समजेल, पोस्ट गेली. 'लावून ठेवणे' मात्र छान आहे, 'ठेवणे'मुळे पुढची तजवीज कळते. बटणावर 'वेळ लावा', यादीला 'वेळ लावलेल्या पोस्ट'. 'नियोजित' चूक नाही, पण नियोजित विमानतळ अजून कुणीतरी बांधायचा असतो. इथे पोस्ट आपोआप जाणार आहे.

खटका: आधी पोस्ट कुठे थांबते ते बघा, शब्द त्यावर ठरेल. मॅस्टोडॉनचा सर्व्हर ती स्वतःकडे ठेवून घेऊ शकतो, मग संगणक बंद असला तरी ती जाते. वेळ मात्र निदान ५ मिनिटं पुढची हवी, नाहीतर सर्व्हर नाकारतो. काही ॲप वेळ संगणकावरच धरून ठेवतात. लॅपटॉपचं झाकण मिटलं की पोस्ट तिथेच अडकते. म्हणून दोन वेगळ्या सूचना लिहा: 'पोस्ट सर्व्हरकडे सोपवली' आणि 'पोस्ट या संगणकावर थांबली आहे, संगणक चालू ठेवा'. शिवाय वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धरली गेली तर सकाळी ७ ची पोस्ट आपल्याकडे दुपारी साडेबाराला जाते. वेळेच्या चौकटीशेजारी 'भारतीय वेळ' असं स्पष्ट दिसू द्या.

कळफलक: 'कॉलम'ला 'स्तंभ' केलंय.

मुद्रितशोधक: 'रकाना' करा. स्तंभ वर्तमानपत्रात लिहितात. सूचनांचा रकाना, हॅशटॅगचा रकाना, सहज वाचता येतं.

बोरू: आणि पहिल्याच पडद्यावर 'लॉगिन करा'?

खटका: तिथे 'खाते जोडा' हवं. क्रम असा: सर्व्हरचा पत्ता टाका, ब्राउझर उघडेल, लॉगिन तिथे करा, 'परवानगी द्या' दाबा. काही ॲपमध्ये तिथे मिळालेला कोड परत आणून चिकटवावा लागतो. पासवर्ड ॲपकडे जातच नाही, त्याला फक्त परवानगीची किल्ली मिळते. ॲपच्याच खिडकीत कुणी पासवर्ड मागितला तर थांबावं, हे वाक्य ठळक छापा. पत्ता चुकणं ही नेहमीची गफलत आहे: लोक '@नाव@सर्व्हर' असं खात्याचं पूर्ण नाव टाकतात, तिथे दुसऱ्या @ नंतरचा भागच हवा असतो.

कळफलक: मग नको झालं तर 'खाते काढा'?

मुद्रितशोधक: तो शब्द मुळीच नको! 'बँकेत खातं काढलं' म्हणजे उघडलं. एक वाचणारा नवं खातं उघडायला दाबेल, दुसरा खातं पुसलं जाईल म्हणून घाबरेल. 'जोडणी तोडा' लिहा, खाली बारीक अक्षरांत 'तुमचे खाते आणि पोस्ट आहेत तशाच राहतील'.

खटका: त्याखाली आणखी एक ओळ हवी. नुसतं ॲप संगणकावरून उडवलं तर परवानगी उठत नाही. मॅस्टोडॉनच्या संकेतस्थळावर खात्याच्या सेटिंगमध्ये परवानगी दिलेल्या ॲपची यादी असते, तिथे जाऊन ती रद्द करावी लागते.