'एम्ब्रिटलमेंट'ला ठिसूळपणा म्हणावं का?

फोंडेकर: मुलांसाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर मराठीत टिपण लिहितोय. 'हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट'साठी 'हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा' असं लिहिलं, तर एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ठिसूळ म्हणजे अजिबात न वाकता मोडणारं, इथे तसं नसतं म्हणे. शिवाय 'प्लास्टिक विरूपण' (ताण काढला तरी आकार बदललेलाच राहणं) म्हटलं की मुलांना प्लास्टिकची वस्तूच वाटते. तुम्ही काय लिहाल?

धातुवेडा: हरकत रास्त आहे. ७०७५सारख्या, जस्त-मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत हायड्रोजन शिरला की, एका मतानुसार, स्फटिकातली विस्थापनं (अणूंच्या रांगांमधले दोष, जे सरकल्याने धातू वाकतो) उलट सहज सरकतात. पण सरकतात ती भेगेच्या टोकाशी, चिंचोळ्या पट्ट्यात. तिथे विरूपण भरपूर, बाकी तुकडा जवळजवळ तसाच. म्हणून वरून ठिसूळ दिसतं. दुसरं मत असं, की कणसीमांवरचे, म्हणजे धातूतले स्फटिककण एकमेकांना भिडतात तिथले, बंधच सैल पडतात. तिथे ठिसूळ शोभेल.

म्हापशेकर: मग भंगुर लिहा. पाणिनीचं सूत्रच आहे, भञ्जभासमिदो घुरच्. भंगुर, भासुर, मेदुर. मोडणं हा ज्याचा स्वभाव, ते भंगुर.

धातुवेडा: म्हणूनच नको. हा स्वभाव नव्हे, बाहेरून आलेला दोष. डब्ल्यू. एच. जॉन्सन या संशोधकाने १८७५ साली आम्लात बुडवलेल्या लोखंडाबद्दल लिहिलं, तेव्हाच नोंदवलं की काही काळाने चिवटपणा परत येतो.

जुवारीकाठ: मी कुठ्ठाळीला बोटींच्या कामावर होतो. संस्कृत कशाला हवं? आम्ही 'पिचलं' म्हणायचो. तुकडे पडत नाहीत, पण आत चीर गेलेली असते. पावसाळ्यात ॲल्युमिनियमचं वेल्डिंग काढलं की हायड्रोजनचा त्रास ठरलेला.

धातुवेडा: तो त्रास वेगळा. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन खूप विरघळतो, धातू थिजताना बाहेर पडू पाहतो आणि जोडात छिद्रं राहतात. आपण बोलतोय त्या ठिसूळपणात घन धातूचीच दमट हवेतल्या पाण्याशी अभिक्रिया होते. ऑक्सिजन ऑक्साइडमध्ये अडकतो, सुटा हायड्रोजन अणू आत शिरतो. कोरड्या हायड्रोजन वायूने ॲल्युमिनियमचं फारसं बिघडत नाही.

पेडणेकरीण: 'पिचणे' मला फार आवडलं. बांगडी पिचते, हाड पिचतं, माणूस गरिबीने पिचतो. आतून खचलेलं, वरून उभं.

म्हापशेकर: तन्यता, वर्धनीयता यांच्या शेजारी 'पिचणे'? पुस्तकात कसं दिसेल ते?

जुवारीकाठ: 'ताण' हा शब्दही घरातलाच आहे की. तो कसा चालला?

म्हापशेकर: ताणाची व्याख्या ठरलेली आहे. पिचण्याची कोण ठरवणार?

फोंडेकर: आणि प्लास्टिक विरूपणाचं काय करू? 'कायमचं विरूपण' चालेल?

पेडणेकरीण: डिचोली-सत्तरीकडे काचेला 'पिचली' म्हणतात की 'तडकली'? कुणी ऐकलंय?