पालक येत नाहीत, की येऊ शकत नाहीत?

ताई, ‘बालवाडीच्या पालकभेटीला कुणी फिरकतच नाही’ हे तुमचं म्हणणं मलाही पटायचं. पण आमच्या नाशिकच्या सातपूरला निम्मे पालक एमआयडीसीत शिफ्टला जातात. सकाळी अकराची वेळ दिली की खाडा पडतो. आता मी संध्याकाळी एकेका घराला पंधरा मिनिटं देते. सुरुवात तक्रारीने नाही, मुलाच्या चित्रांनी. एका बाबांसमोर जूनमधल्या नुसत्या रेघोट्या आणि डिसेंबरमधला हातपाय फुटलेला माणूस शेजारी शेजारी ठेवला. ते कितीतरी वेळ कागदावरून बोट फिरवत राहिले. मग आपणहून म्हणाले, “घरी तो फारसा बोलत नाही हो.” मला नेमकं तेच विचारायचं होतं! २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय. या वयात गुणांपेक्षा अशा नोंदीच जास्त सांगतात. आणि हो, मूल शेजारी बसलं असेल तर त्याची गाऱ्हाणी तेव्हा नकोत. त्याला सगळं कळतं.