पेट्राला अर्धा दिवस? नाही पुरत!

सासूबाईंना घेऊन जॉर्डनच्या ग्रुप टूरला जाण्याबद्दल इथे विचारलंय, आणि त्यावर कुणीतरी लिहिलंय की पेट्राला, म्हणजे कातळात कोरलेल्या त्या प्राचीन शहराला, अर्धा दिवस पुरतो. मला हे अजिबात पटत नाही. आम्ही पुण्याहून ग्रुपबरोबरच गेलो होतो आणि तिथला प्रत्येक तास मोलाचा वाटला.

तिकीटघरापासून 'खजिना' (ट्रेझरी) म्हणतात त्या कातळात कोरलेल्या प्रसिद्ध वास्तूपर्यंतच जवळजवळ दोन किलोमीटर चाल आहे. त्यातली सव्वा किलोमीटरच्या आसपास ती अरुंद घळ, म्हणजे सिक. बहुतेक जण मोबाइल वर धरून चालत राहतात. तुम्ही मात्र दोन्ही बाजूंच्या कातळात, साधारण कमरेच्या उंचीवर नीट बघा. हे शहर वसवणाऱ्या प्राचीन नबातियन लोकांनी पाणी आणायला खोदलेले पाट आणि बसवलेल्या मातीच्या नळांचे तुकडे अजून तिथे आहेत. वाळवंटात एवढं शहर उभं राहिलं ते या पाण्यामुळे! गाइड घाईत असेल तर हे दाखवतच नाही.

'अद-दैर' या डोंगरावरच्या कोरीव वास्तूला (मॉनेस्टरी) जायला आठशेच्या वर पायऱ्या आहेत. तुमच्या सासूबाईंना तो भाग नको. खजिन्यापर्यंत बॅटरीवरची गाडी मिळते, तेवढ्यात त्यांचं छान होईल. त्यामुळे पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना स्पष्ट विचारा: पेट्रात आत किती तास, आणि पायऱ्या न चढणाऱ्यांबरोबर कोण थांबणार? हे लेखी घ्या.

जेराशच्या रोमन अवशेषांत सावली कमी, टोप्या न्याच. वादी रमच्या वाळवंटातल्या तंबूत हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी असते, पुण्यातल्या स्वेटरवर भागत नाही. थर्मल घ्या.