नडगी दुखतेय? घरी काय केलंत, काय चुकलं, दोन्ही लिहा

उपवनवाली

ठाण्यातल्या उपवन तलावाला गेली चार वर्षं मी चालायला जाते. या जूनमध्ये डोक्यात काय आलं कोण जाणे, पळायला लागले. वय ४३, वजन सांगत नाही. पहिल्या आठवड्यात एका वेळी ३ किलोमीटर, तिसऱ्या आठवड्यात ८. मागे कुणी लागलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू झाला. पळायला लागलं की दुखायचं, अर्धा किलोमीटर गेलं की थांबायचं, म्हणून मला वाटलं अंग मोकळं होतंय. मग एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि 'आई गं' निघालं.

अंगठ्याने हाडाची कड दाबत गेले की घोट्याच्या वर चार बोटांपासून वीतभर पट्टा दुखतो. याला शिन स्प्लिंट्स म्हणतात हे नंतर कळलं. धक्के खाऊन हाड हळूहळू दणकट होतं, पण त्याला मध्ये सवड लागते. ती मी दिलीच नव्हती.

सासूबाईंनी महानारायण तेल कोमट करून नडगीवर खसाखसा चोळलं. माया मोठी, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखलं. बरं वाटलं ते बर्फाने. चहाच्या कागदी कपात पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं. गोठलं की वरची कड बोटभर फाडायची आणि कप धरून बर्फ नडगीवरून वरखाली फिरवत राहायचा, एका जागी थांबवायचा नाही. पाच-सात मिनिटांत कातडी लालसर आणि बधिर होते, की बास. खाली जुना टॉवेल घ्या, नाहीतर सोफा भिजतो आणि घरात वेगळंच दुखणं सुरू होतं.

पळणं बंद करून दोन आठवडे झालेत. आता तुम्ही लिहा.

ऐरोलीकर

ताई, माझं मोठं आहे, वाचा. पोलीस भरतीची तयारी करत होतो. मैदानीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरला, म्हणून सगळा जीव त्यावरच. पहाटे साडेचारला सिमेंटच्या रस्त्यावर पळायचो, बुटाचा तळ घासून गुळगुळीत झालेला. आधी तुमच्यासारखाच पट्टा दुखायचा. तयारी करून घेणारे सर म्हणाले, दुखणं पळूनच मोडायचं असतं. पळालो.

महिनाभराने पट्टा गेला आणि एका बोटाएवढी जागा उरली. तिथे नुसतं टेकवलं तरी डोळ्यांत पाणी. रात्री पडल्या पडल्याही ठणकायचं. त्या एका पायावर उडी मारून पाहिली, दुसरी मारता आली नाही. एक्स-रे काढला, स्वच्छ! मी खूश होऊन आणखी आठ दिवस पळालो, घोडचूक ती हीच. हाडाची बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. दोन महिने पळायचं नाही असं सांगितलं, आणि चाचणीची तारीख नेमकी त्यातच आली. आईने प्रवेशपत्र देवघरात ठेवलं होतं. अजून तिथेच आहे.

उपवनवाली

वाचता वाचता नडगी दाबून पाहिली. पट्टाच आहे. तरी उडी मारून बघायचं धाडस झालं नाही.

घुंगरू, वाशी

मी पळत नाही, भरतनाट्यम करते, पण नडग्या त्याच. अरंगेत्रमच्या, म्हणजे रंगमंचावरच्या पहिल्या कार्यक्रमाच्या आधी रोज तीन तास सराव, तोही फ्लॅटच्या टाइल्सवर. टाइलखाली सरळ काँक्रीट, पाय आपटला की धक्का जातो कुठे? थोडा आपल्या हाडात आणि थोडा खालच्या मजल्यावर. खालचे काका वर येऊन गेले ते निराळंच.

सुट्टी घेणं शक्य नव्हतं. गुरूंशी बोलून उड्यांचे अडवू (नाचातले मूळ पदन्यास) महिनाभर सोडले, बाकीचे पाय न आपटता नुसते ठेवून केले. हात, अभिनय, ताल सगळं चालू. आणि व्यायाम स्वयंपाकघरात. दूध तापेपर्यंत ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलायच्या, १५ वेळा गुडघे ताठ ठेवून, १५ वेळा किंचित वाकवून. वाकवल्यावर पोटरीच्या आतल्या, खोलवरच्या स्नायूवर जास्त भार येतो आणि नडगीवरचा ताण झेलायला तोच लागतो. वर जाताना भरभर, खाली येताना सावकाश. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा वीतभर पुढे ठेवून चवडे वर उचलायचे. त्याने नडगीच्या पुढचा स्नायू असा काही पेटतो की हसू येतं. फरक पडायला सहा आठवडे गेले. तेवढ्यात दूध तीनदा उतू गेलं.

पाम बीच पहाटे

माझी फक्त डावी दुखायची. बूट बदलले, बर्फ लावला, काही नाही. मग एकाने विचारलं, रोज रस्त्याच्या एकाच कडेने पळतोस का? पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो. आता आठवड्यातले दोन दिवस नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला तलावाभोवती पळतो आणि तिथेही दिशा बदलतो. उलट्या दिशेने पळणाऱ्याकडे लोक बघतात, बघू देत.

नेरूळची आजी

मुलांनो, माझं तुमच्यासारखं नव्हतं, पण मीही आधी तेच समजले म्हणून लिहिते. मुलाकडून परत आले, लांबचं विमान, जागेवरून उठलेच नाही. दोन दिवसांनी एकच पोटरी दुखायला लागली. वाटलं, चालणं फार झालं. हे तेलाची वाटी घेऊन बसले होते चोळायला. सून म्हणाली, थांबा, हा पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसतोय. टेप लावला तर खरंच जाड, आणि हाताला गरम. त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली, शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशा पायाला चोळायचं नसतं, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मला हे ६८व्या वर्षी कळलं. सुनेला त्यानंतर मी भाजीत मीठ जास्त झालं तरी काही बोलत नाही.

निवृत्त फिजिओ, नौपाडा

आजींच्या सुनेला माझाही नमस्कार. एकच पोटरी सुजलेली, गरम, लाल असेल तर घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी दवाखाना. बरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

ऐरोलीकरांनी फरक अचूक सांगितलाय: दुखरा पट्टा असेल तर बहुधा शिन स्प्लिंट्स, बोटाएवढी जागा असेल तर हाड तपासून घ्या. तिसरा एक प्रकार राहिला. दर वेळी ठरावीक अंतर पळालं की पाय आतून टच्च भरतो, पावलाला मुंग्या येतात, थांबलं की थोड्या वेळात उतरतं. तिथे स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढलेला असतो, त्याला बर्फ आणि टाचा पुरत नाहीत.

बाकी थोडक्यात. पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका, इशारा देणारी घंटीच बंद होते. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात, वरून नवे दिसले तरी आतला स्पंज बसलेला असतो. पाऊल सपाट आहे म्हणून प्रत्येकाने महागडे इनसोल घ्यायची गरज नसते. दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल तर ड जीवनसत्त्व एकदा तपासा, आपल्याकडे उन्हात राहूनही ते कमी निघतं. मुलींची पाळी पळायला लागल्यापासून अनियमित झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचा हाडांशी संबंध असतो. सांगायला लाजतात आणि नेमकं तेच राहतं.

उपवनवाली, तुम्ही पूर्ण पडून राहू नका. सायकल किंवा पोहणं चालेल. अर्धा तास भरभर चालून दुखलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तरच एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं सुरू करा.

एक आई, खारघर

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे दोन्ही पाय फक्त रात्री दुखतात, सकाळी हा सेंट्रल पार्कमध्ये माकडासारखा पळतो. हेच का?

निवृत्त फिजिओ, नौपाडा

वाटत नाही. दोन्ही पाय, फक्त रात्री, सकाळी ठणठणीत, हे बहुधा वाढीच्या वयातलं दुखणं. हलक्या हाताने पाय चेपा. एकच पाय दुखला, लंगडला किंवा ताप आला तर दाखवा.

उपवनवाली

पाच आठवड्यांनी लिहितेय. दूध तापवताना टाचा चालू आहेत, एकदा उतू गेलं. नवे बूट घेतले. अंगठ्याला पट्टा अजून लागतो, पण वीतभराचा दोन बोटांवर आलाय. काल उपवनला एक मिनिट पळत, दोन मिनिटं चालत, आठ वेळा. मैत्रीण मला सोडून पुढे गेली, तिला जाऊ दिलं. आज दुखत नाहीये. पुन्हा जाईन ते परवा, उद्या नाही.