प्लेटलेटला स्वर्लिंग नाही, पण पीएच आणि काउंट ठीक. पिशवी पास करायची का?

मंडळी, मी रक्तकेंद्रात तंत्रज्ञ आहे. डेंग्यूचा सीझन सुरू झालाय, त्यामुळे आरडीपी, म्हणजे एकेका रक्तदात्याच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या पिशव्या, तयार होताच उचलल्या जातात. पाचव्या दिवसापर्यंत ज्या उरतात, त्यांतल्या काही क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लागतात. घोळ तिथेच आहे.

पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच दाबली की आत धुरासारखी लहर फिरली पाहिजे, तेच स्वर्लिंग. काही पिशव्यांत ती नाहीच, नुसतं गढूळ पिवळं. तरी काउंट, म्हणजे पिशवीतल्या प्लेटलेटची संख्या, ५,५०० कोटींच्या वर आणि पीएच ७.२, म्हणजे युरोपातली ६.४ ची मर्यादासुद्धा आरामात पार. आमचे सर म्हणतात, आकडे बसतायत ना, मग सही कर.

मला दोन शंका आहेत. एक, सॅम्पल उघड्या टेस्ट ट्यूबमध्ये काढतो आणि मीटर मोकळा होईपर्यंत ते तसंच पडून राहतं. कार्बन डायऑक्साइड उडून पीएच खोटाच वर दिसत असेल का? दुसरी, आमच्या अ‍ॅजिटेटरला (पिशव्या सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्राला) इन्क्युबेटर, म्हणजे ठरावीक तापमानाचं बंद कपाट, नाही, तो एसी खोलीत उघडाच चालतो. चार्टवर २२ अंश असतात, पण सेन्सर समोरच्या भिंतीवर आणि एसीचा झोत थेट वरच्या ट्रेवर! त्याच ट्रेवरच्या तिसऱ्या दिवसाच्या पिशव्या आज रात्री जाणार आहेत. काय करू?

प्रतिसाद: आधी त्या पिशव्या एकेक करून उजेडात बघा. ज्यांना स्वर्लिंग नाही त्या देऊ नका, सर काहीही म्हणोत. प्लेटलेट चपट्या असतात म्हणून ती लहर दिसते, आणि थंडीने या चपट्या पेशी गोल होतात. रात्रभर गारठल्या तर सकाळी ऊब मिळूनही त्या पूर्ववत होत नाहीत, आणि हे पीएच-काउंटमध्ये दिसेलच असं नाही. बाद झालेल्या एका पिशवीत पाणी भरून तिच्यात कॅलिब्रेटेड थर्मामीटर घाला आणि रात्रभर वरच्या ट्रेवर ठेवा.

पीएचची शंका रास्त आहे. हवा न शिरू देता सिरिंजमध्ये सॅम्पल घेऊन लगेच आयसीयूच्या एबीजी (रक्तातले वायू आणि पीएच मोजणाऱ्या) मशीनवर लावा. ते ३७ अंशांचा आकडा देतं, त्यामुळे २२ अंशांसाठीच्या ६.४ च्या मर्यादेशी थेट ताडू नका.

आणि कल्चर (जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) पाठवलंय का? जंतू वाढले तरी स्वर्लिंग जातं. २२ अंश त्यांनाही मानवतात.