पायथन शिकण्यासाठी पहिले पुस्तक कसे पारखावे?

डोंबिवलीकर (प्रश्न)

फोर्टमधील एका कार्यालयात लेखा विभागात मी गेली सोळा वर्षे काम करतो आहे. शाखांकडून येणाऱ्या पंचवीस-तीस एक्सेल फाइली एकत्र करण्यात महिनाअखेरीचे माझे दोन दिवस जातात, म्हणून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचे ठरवले आहे. प्रोग्रॅमिंगशी यापूर्वी कधीच संबंध आलेला नाही. मागच्या आठवड्यात हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावरून एक जाडजूड पुस्तक दीडशे रुपयांना घेतले. त्यातले पहिलेच उदाहरण अक्षरन् अक्षर ताडून टाइप केले, तरी संगणक ‘मिसिंग पॅरेन्थेसिस इन कॉल टू प्रिंट’ असे म्हणून अडून बसतो. चूक माझी की पुस्तकाची? नवे घ्यायचेच झाले, तर ते कसे पारखावे? लोकलमध्ये रोज दोन तास मिळतात, त्यामुळे छापील पुस्तकच हवे आहे.

मुलुंडकर

चूक आपली नाही, आणि तसे पाहिले तर पुस्तकाचीही नाही. ते पायथन २ साठी लिहिलेले आहे आणि आपल्या संगणकावर पायथन ३ आहे. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली तेव्हा जुन्या रूपाशी काही बाबतींत मुद्दामच फारकत घेण्यात आली, आणि १ जानेवारी २०२० पासून पायथन २ ची देखभालही थांबली. पूर्वी प्रिंट (पडद्यावर छापण्याची आज्ञा) हे भाषेतले एक विधान होते, आता ते फंक्शन, म्हणजे नावाने बोलावायचा तयार आज्ञासंच आहे, म्हणून कंस लागतात.

कंस राहिला तर संगणक निदान तसे सांगतो. खरा घोळ भागाकारात होतो. सात भागिले दोन केले की जुन्या पायथनमध्ये उत्तर ३ येते, नव्या पायथनमध्ये ३.५ येते. पुस्तकात ३ छापलेले आणि पडद्यावर ३.५ दिसत असले, की नवशिका माणूस अर्धा तास स्वतःचीच चूक शोधत बसतो.

दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी पाहाव्यात. प्रिंटपुढे कंस नसेल किंवा ‘रॉ_इनपुट’ (वापरणाऱ्याने टाइप केलेले वाचण्याची जुनी आज्ञा) हा शब्द दिसला, तर पुस्तक खाली ठेवावे. आणि मुद्रणाचे वर्ष न पाहता आवृत्तीचे वर्ष पाहावे, कारण पुनर्मुद्रण अलीकडचे असूनही मजकूर जुनाच असू शकतो. मजकुरात अक्षरे आणि आकडे जोडण्यासाठी एफ-स्ट्रिंग (अवतरणचिन्हाआधी एफ हे अक्षर) वापरलेली असेल, तर तो पायथन ३.६ नंतरचा, म्हणजे २०१६ च्या अखेरीनंतरचा आहे असे समजावे.

परळकर

माझे मत विचाराल तर आधी सी ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी. पाया पक्का होतो.

गिरगावकर

परळकरांचा सल्ला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ठीक आहे. ज्यांना येत्या मार्चअखेरीपर्यंत फाइली जोडायच्या आहेत, त्यांना सीमधल्या पॉइंटरच्या (संगणकाच्या स्मृतीतले पत्ते हाताळण्याच्या) जंगलात पाठवण्यात अर्थ नाही.

लेखा विभागातील माणसाने आणखी एक कसोटी लावावी. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, कारण असे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ यांच्या) पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत. ही भाषेची खोट नव्हे, एक्सेलही आतून असेच आकडे साठवते; पण पैशांच्या हिशेबासाठी पायथनमध्ये डेसिमल नावाचे वेगळे मॉड्यूल (गरजेनुसार जोडून घ्यायचा तयार भाग) आहे. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत तो शब्द आहे का, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) किंवा ओपनपायएक्सेल (पायथनमधून एक्सेल फाइली हाताळण्याचे साधन) यांवर पुरेशी पाने आहेत का, हे पाहावे. खेळ तयार करायला शिकवणारी पुस्तके वाईट नसतात, परंतु आपल्या कामाशी मेळ नसला की पाचव्या प्रकरणानंतर ती कपाटात जातात (माझ्याकडे अशी तीन आहेत).

जुने पुस्तक मात्र रद्दीत टाकू नये. लिस्ट (यादी), लूप (आज्ञांची पुनरावृत्ती), फंक्शन यांची समजूत घालणारी प्रकरणे फारशी शिळी होत नाहीत. गाडीत संगणक उघडता येणार नाही, पण पेन्सिल चालते. उदाहरण वाचावे, खालचे उत्तर हाताने झाकावे, काय छापले जाईल ते समासात लिहावे आणि रात्री घरी चालवून ताडून पाहावे. नुसते वाचत गेल्यास सगळे कळल्यासारखे वाटते आणि कोऱ्या पडद्यापुढे एक ओळ सुचत नाही. नवे पुस्तक घेण्यापूर्वी पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचे विनामूल्य ट्युटोरियल चाळावे, मात्र ते थोडेफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला सोपे जाते.

डोंबिवलीकर

सर्वांचे आभार. काल कंस घालून पहिली दोन प्रकरणे पार पडली. आज सकाळी मुलुंडपर्यंत सहा उदाहरणांची उत्तरे समासात लिहिली; घरी ताडली तेव्हा चार बरोबर निघाली, आणि चुकलेल्या दोहोंपैकी एक भागाकाराचेच होते. शनिवारी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन, आता सूची उघडूनच, दुसरे पुस्तक शोधणार आहे.